तळहातावरचे मराठी पुस्तक

मोबाइलवर मराठी पुस्तक वाचताना डोळे शिणतात, ओळ सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत वाचन बाजूला ठेवावेसे वाटते, अशी तक्रार वाचकांकडून वारंवार ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा पडद्याच्या आकारावर किंवा वाचकाच्या सवयीवर फोडले जाते. आधी छापील पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पुढे त्याच पुस्तकांच्या ई-आवृत्त्या सिद्ध करणे, अशी दोन्ही कामे केलेल्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव मात्र वेगळा आहे. वाचक तोच, मोबाइल तोच आणि कादंबरीही तीच असताना एका फाइलीत वाचन सुखाचे होते आणि दुसऱ्या फाइलीत नकोसे होते, हे इतक्या वेळा पाहण्यात आले आहे की, दोष पडद्याचा नसून त्या पडद्यापर्यंत मजकूर कोणत्या रूपात पोचवला गेला याचा आहे, असे ठामपणे म्हणावे लागते. हे रूप घडवण्याचे काम वाचकाला दिसत नाही आणि प्रकाशकालाही बरेचदा ते कारकुनी वाटते. प्रत्यक्षात मुद्रितशोधनाइतकेच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, भाषेचे ज्ञान त्याला लागते.

प्रथम साधे गणित पाहावे. मराठीतील सर्वसाधारण कादंबरी डेमी आकारात, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर रुंद आणि २१६ मिलिमीटर उंच पानावर छापली जाते, आणि तिचा मजकूर १४ पॉइंटांच्या आसपास जुळवलेला असतो. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. हे पान जसेच्या तसे स्कॅन करून, म्हणजे त्याचे छायाचित्र घेऊन, मोबाइलच्या सुमारे ६५ मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर बसवले की सारे काही निम्म्याहून लहान होते आणि १४ पॉइंटांचे अक्षर साडेसहा पॉइंटांवर येते. चारही बाजूंचा कोरा समास कापून टाकला तरी ते जेमतेम साडेआठ पॉइंटांपर्यंत पोचते. मोबाइल आडवा धरला तर अक्षर जवळपास मूळ मापाचे दिसते. पण मग एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच डोळ्यांपुढे राहतो आणि प्रत्येक पानासाठी तीनदा सरकवावे लागते. बोटांनी मजकूर मोठा करावा, तर प्रत्येक ओळ वाचताना पडदा डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे ओढावा लागतो, ज्यात हात आणि डोळे दोन्ही थकतात. स्कॅन केलेले पुस्तक हे पुस्तकाचे चित्र असते. दुर्मीळ ग्रंथ जपून ठेवण्यासाठी त्याचे मोल फार मोठे आहे, परंतु रोजच्या वाचनासाठी ते योजलेले नाही.

याला पर्याय असतो तो वाहत्या मजकुराचा. पाणी जसे भांड्याचा आकार घेते तसा जो मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे आपल्या ओळी पुन्हा पाडून घेतो, त्याला वाहता मजकूर म्हणता येईल. २००७ साली मानक म्हणून मान्य झालेला ‘ईपब’ हा फाइलीचा प्रकार याच तत्त्वावर बांधलेला आहे. त्यात पुस्तक पानांचे बनलेले नसते. प्रकरणे, परिच्छेद, शीर्षके आणि टिपा यांची नोंद करून ठेवलेल्या मजकुराचा तो एक गठ्ठा असतो आणि पान ही गोष्ट वाचकाच्या हातातील यंत्र त्या क्षणापुरती तयार करते. याउलट ‘पीडीएफ’मध्ये पान हेच मूळ असते, कारण तो प्रकार छपाईचे पान कोठेही तसेच दिसावे याच हेतूने निघाला. तेव्हा मराठी पुस्तक ईपबमध्ये आणले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. मराठीच्या बाबतीत खरे काम तेथेच सुरू होते.

युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी संकेतप्रणाली, १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला सामावून घेत आली आहे. मराठी पुस्तकांची संगणकावरची जुळणी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत होत राहिली. या प्रणालींनी मराठी छपाईला खिळ्यांच्या जुळणीतून संगणकावर आणले, ही त्यांची कामगिरी मोठी आहे. पण त्यांच्या रचनेत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे फाइलीत प्रत्यक्षात साठत असे तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग, आणि तो मराठी दिसत असे तो केवळ त्या विशिष्ट फॉन्टाच्या आधाराने. छापून झाले की कोणाचे काही अडत नसे. अनेक वर्षांनी ई-आवृत्ती काढायचे ठरते, जुनी सीडी शोधून काढली जाते, फाइल उघडते आणि तिच्यात एकही मराठी शब्द दिसत नाही, हा प्रसंग या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेला असतो. एका प्रकाशनसंस्थेकडून आलेल्या कथासंग्रहाच्या बाबतीत मूळ फॉन्ट कोठेच सापडला नाही, आणि छापील प्रत शेजारी ठेवून सबंध पुस्तक पुन्हा टाइप करणे हाच सर्वांत जवळचा मार्ग ठरला.

फॉन्ट सापडला तर परिवर्तक, म्हणजे जुन्या संकेतांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम, वापरता येतो. तथापि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. जुन्या फॉन्टांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने लिहिली जात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून जुन्या पद्धतीत ती आधी लिहायची आणि रफार अक्षराच्या डोक्यावर अखेरीस बसतो म्हणून तो मागाहून द्यायचा, असा शिरस्ता होता. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा ‘र्’ त्या अक्षराच्या आधी येतो. परिवर्तकाने वेलांटी हलवली आणि रफार हलवायचा राहिला की ‘निर्मिती’चे ‘निमिर्ती’ होते आणि ‘कीर्ती’चे ‘कीतीर्’ होते. वर्तमानपत्रांच्या जुन्या मजकुरात अशी रूपे पुष्कळांनी पाहिली असतील. वाचताना अशा शब्दावर डोळा अडतो, मन क्षणभर मागे जाते, शब्द दुरुस्त करून घेते आणि मग पुढे सरकते. एका पडद्यावर अशा तीन-चार ठेचा लागल्या की वाचक थकतो, आणि आपण शुद्धलेखनाच्या चुकांनी थकलो हे त्याच्या लक्षात न येता मोबाइलवर वाचवत नाही एवढेच तो म्हणतो.

याहून सूक्ष्म प्रश्न ‘ऱ्य’चा आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा. ‘आचार्यांना’ वाढले आणि ‘आचाऱ्यांना’ वाढले या दोन वाक्यांत जेवणाऱ्यांची पंगतच बदलते. हा आडवा, कोयतीसारखा रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ हलन्त करून त्याला ‘य’ जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते, जे पडद्यावर दिसत नाही परंतु आकार घडवते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी असतात. एकाच पुस्तकाची प्रकरणे दोघांनी टाइप केली असतील तर निम्मे ‘दऱ्या’ एका रीतीने आणि निम्मे दुसऱ्या रीतीने साठतात, आणि वाचकाने शोध घेतला की निम्मेच सापडतात. त्यातून एखादा प्रोग्राम निरुपयोगी समजून अदृश्य चिन्हे गाळून टाकतो, आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या साऱ्या दऱ्यांचे समुद्र होतात. सह्याद्रीच्या भटकंतीवरील एका पुस्तकात हे घडलेले अंतिम तपासणीत आढळले, तेव्हापासून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा स्वतंत्र शोध घेऊन सर्वत्र पहिली रीत लागू करणे हा प्रस्तुत लेखकाच्या कामातील ठरलेला टप्पा झाला.

मजकूर शुद्ध झाल्यावर प्रश्न येतो तो मांडणीचा, आणि येथे छापील पुस्तकाच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. डेमी पानावरच्या ओळीत ९-१० शब्द मावतात. त्याच आकाराच्या अक्षरात मोबाइलच्या ओळीत ५-६ शब्द, म्हणजे सुमारे २० अक्षरे बसतात. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘कार्यकर्त्यांच्याबरोबरच’ यासारखा एकच शब्द निम्मी ओळ अडवतो. अशा अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ राखण्याचा आग्रह धरला, तर पुढचा लांब शब्द न मावल्याने आधीचे तीन शब्द फाकवले जातात आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या गल्ल्या पडतात. म्हणून मोबाइलसाठी मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडणे श्रेयस्कर असते. जुन्या पठडीतल्या जुळणीकारांना उजवी कड वेडीवाकडी दिसणे खपत नाही आणि त्यांची ही सौंदर्यदृष्टी आदरास पात्र आहे. मात्र ती चार इंचांच्या ओळीवर घडलेली आहे.

ओळींमधल्या अंतराचेही असेच आहे. देवनागरी ओळीला तीन मजले असतात: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि रफार, मध्ये अक्षराचा मुख्य देह, आणि खाली उकार, ऋकार आणि ‘उद्ध्वस्त’मधल्यासारखी उभी रचलेली जोडाक्षरे. वाचनाच्या बहुतेक ॲपांत ओळींमधले अंतर आपोआप ठरते ते रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून, आणि तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवले की हा कोंडमारा संपतो. एका पडद्यावर दोन-तीन ओळी कमी बसतात, पण वाचनाचा वेग वाढतो. वाचकाला स्वतःलाही ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हे अंतर वाढवता येते, आणि वाचन त्रासदायक वाटत असल्यास अक्षर मोठे करण्याच्याही आधी हा बदल करून पाहावा, असे अनुभवाने सुचवावेसे वाटते. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर वाचणाऱ्यांनी बारीक रेषेचा फॉन्ट टाळावा, कारण शिरोरेषा अंधारात पुसट झाली की शब्दांच्या सीमा सांगणारी मुख्य खूणच नाहीशी होते.

फाइलीच्या आरंभी पुस्तकाची भाषा नोंदवावी लागते आणि घाईत तेथे हिंदी किंवा इंग्रजी तशीच राहून जाते. पुष्कळांना ही क्षुल्लक बाब वाटते, पण तिचे परिणाम दूरवर जातात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढलेल्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे प्रमाण मानली आहेत. काही चांगल्या फॉन्टांत ही वळणे असतात, पण ती प्रकट होतात ती भाषा मराठी नोंदवलेली असेल तरच, एरवी हिंदीची वळणे दिसतात. शिवाय मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय याच नोंदीवरून आवाज निवडते, आणि दृष्टिहीन वाचकाला मराठी कादंबरी हिंदी उच्चारांत ऐकावी लागते, ज्यात ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन वेगळे ‘च’ एकसारखेच होऊन बसतात. अवघ्या दोन अक्षरांच्या नोंदीपायी असे घडावे, याचे वाईट वाटते.

कवितेला आणि ओवीला वेगळी काळजी लागते. अरुंद पडद्यावर ओवीचा लांब चरण दुमडून खाली येतो आणि तो नवा चरण आहे की आधीच्याच चरणाचा उरलेला भाग आहे हे कळत नाही. यमक जागेवर सापडत नाही आणि लय तुटते. दुमडलेला भाग थोडा आत सरकून यावा अशी सूचना शैलीपत्रकात, म्हणजे मजकुराचे रूप ठरवणाऱ्या फाइलीत, दिली की चरणाचा आरंभ पुन्हा ओळखू येतो. ज्ञानेश्वरीसारख्या ९,००० हून अधिक ओव्यांच्या ग्रंथात ओवीक्रमांक उजव्या कडेला ठेवण्याची छापील रीत मोबाइलवर टिकत नाही, कारण तो क्रमांक एकटाच खालच्या ओळीवर घसरतो. तो ओवीच्या आधी, लहान अक्षरांत घेणे बरे पडते. तळटिपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट केवळ सरावानेच कळली. शब्दाच्या खांद्यावर बसवलेला टीपक्रमांक छापील पानावर शोभतो, परंतु बोटाच्या टोकाला तो सापडत नाही. वाचक त्यावर बोट टेकवायला जातो, बोट किंचित चुकते आणि टीप उघडण्याऐवजी पानच उलटते. दोनदा असे झाले की तो टिपांच्या वाटेला जाणे सोडतो. क्रमांकाबरोबर त्याच्या आधीचा शब्दही दुव्यात घेतला की बोटाला पुरेशी जागा मिळते.

जुन्या, स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेल्या ग्रंथांसाठी एक निराळी वाट आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते; साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून मुक्त आहे आणि ४२ रात्रींत विभागलेले हे पुस्तक रोज एक रात्र या बेताने मोबाइलवर फार स्वाभाविकपणे वाचता येते. अशा ग्रंथांच्या स्कॅनमधून अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारे प्रोग्राम आता मराठीसाठी उपलब्ध आहेत आणि मराठी विकिस्रोतावर असा मजकूर स्वयंसेवक स्कॅनशी ताडून पाहतात. एकाने तपासलेले पान पिवळी खूण मिळवते आणि दुसऱ्याने पुन्हा तपासल्यावर ते हिरवे होते. यंत्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते हे अपेक्षितच असते. त्याहून अवघड असते ते अनुस्वाराचे प्रकरण. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ अशी अनुस्वारांची पेरणी असे, आणि पिवळ्या पडलेल्या कागदावरचा धुळीचा कण यंत्राला हुबेहूब अनुस्वारासारखा दिसतो. तो कण ‘मुलाचा’ या शब्दावर पडला की एका मुलाची अनेक मुले होतात, आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्धच राहते. तेथे नजर कितीही तीक्ष्ण असली तरी पुरत नाही. मागच्या परिच्छेदात कोणाविषयी चालले होते हे ध्यानात ठेवून वाचणारा माणूसच तो कण झटकू शकतो.

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, हे मुंबईच्या लोकलच्या डब्यात दिसते. एका हाताने वरची कडी धरून उभा असलेला प्रवासी दुसऱ्या हातातील मोबाइलवर अंगठ्याने पान उलटत वाचतो, आणि त्याला समास कापायला किंवा पडदा ओढायला दुसरा हात मोकळा नसतो. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला टपालाचा खर्च आणि आठवड्यांची वाट टळते. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले असल्याने अडलेला शब्द त्याच यंत्रावर पाहता येतो, फक्त विभक्तीचे प्रत्यय काढून मूळ रूप आपले आपण शोधावे लागते. सर्वांत मोठा लाभ मात्र ज्येष्ठ वाचकांचा आहे. मोतीबिंदूनंतर किंवा वयोमानाने ज्यांना छापील पुस्तक बंद झाले, ते २८ पॉइंटांचे अक्षर करून ओळीत दोन-तीन शब्द ठेवून वाचतात, आणि ही मुभा छापील पुस्तक कधीच देऊ शकत नव्हते.

अशाच एका निवृत्त शिक्षिकेने कळवले होते की, पुस्तकाच्या आरंभीच एक अर्धवट शब्द दिसतो. तो शब्द होता ‘अनुक्रमणिका’. शीर्षके मूळ अक्षराच्या दुप्पट ठेवण्याची छापील सवय ई-आवृत्तीतही तशीच उतरली होती. त्या वाचीत होत्या त्या २८ पॉइंटांच्या अक्षराला शीर्षक ५६ पॉइंटांचे झाले आणि सहा अक्षरांचा हा शब्द ६५ मिलिमीटरच्या पडद्यात मावेना, तेव्हा त्याचे शेवटचे अक्षर कडेबाहेर जाऊन कापले गेले. तोवर झालेल्या सगळ्या तपासण्या मध्यम आकाराच्या अक्षरात झाल्या होत्या, म्हणून ही चूक कोणालाच दिसली नव्हती. तेव्हापासून शीर्षके सव्वापटीवर आणली गेली आणि प्रत्येक पुस्तक प्रकाशित होण्यापूर्वी साध्यातल्या साध्या मोबाइलवर, सर्वांत मोठ्या अक्षरात, उन्हात आणि उभ्याने एकदा अखेरपर्यंत वाचून काढण्याची पद्धत पडली. त्या बाईंची पत्रे पुढेही येत राहिली. छापील पुस्तकाच्या काळात त्या चुकीचा पान क्रमांक आणि ओळ लिहून पाठवीत. वाहत्या मजकुराला पान नसल्याने आता त्या चुकीच्या आजूबाजूचे चार शब्द जसेच्या तसे लिहून पाठवतात, आणि ते चार शब्द शोधाच्या चौकटीत टाकले की चूक लगेच सापडते, त्या चारांत एखादी ‘दरी’ अनेकवचनात असली तरीही.